मित्राच्याच तोफेने मेलेली पोरं: मेर्स-एल-केबीरचा गुंता, सोप्या भाषेत

दुसऱ्या महायुद्धात मेलेला फ्रेंच खलाशी म्हटलं की आपण धरूनच चालतो की त्याला जर्मनांनी मारला असणार. पण त्या युद्धात एका दिवसात सगळ्यात जास्त फ्रेंच नौसैनिक मेले ते 3 जुलै 1940 ला, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जेरियातल्या ओरान शहराजवळच्या मेर्स-एल-केबीर बंदरात, आणि त्यांच्यावर तोफा डागणारी जहाजं होती ब्रिटिशांची, म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत त्यांच्याच बाजूने लढणाऱ्या दोस्ताची. तीन दिवसांनी परत एक हल्ला झाला, आणि दोन्ही मिळून मेलेल्यांचा आकडा 1297. ब्रिटिशांचे गेले दोन, तेही विमानातले.

याच्यावर लिहिणारे बहुतेक लोक चर्चिल, दार्लां, हिटलर यांच्यावरच अडकतात. मला त्यात इंटरेस्ट आहेच, तिकडे येतोच, पण आधी खालच्या डेकवरचा पोरगा कोण होता ते बघू, कारण या सगळ्या प्रकरणात त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

एक कोणी नाव घेऊन सांगत नाही, त्या जहाजांवरचा साधारण पोरगा धरा. बराच मोठा चान्स की तो ब्रेतॉन असणार, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेल्या ब्रिटनी प्रांतातला. तिथे ब्रेस्त हे नेव्हीचं मोठं बंदर. बंदरात उभ्या असलेल्या चार मोठ्या युद्धनौकांपैकी 'ब्रतान्य' आणि 'दंकेर्क' या दोन ब्रेस्तच्याच गोदीत बांधलेल्या, आणि 'ब्रतान्य' म्हणजे ब्रिटनीचंच फ्रेंच नाव. वय असेल एकोणीस-वीस. जन्म 1919-20 चा, म्हणजे पहिल्या महायुद्धातून जिवंत परत आलेल्या बापाचा मुलगा. बाप मच्छीमार किंवा शेतकरी. घरात ब्रेतॉन भाषा आणि शाळेत फ्रेंच सक्तीची. बऱ्याच शाळांत ब्रेतॉन बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात एक लाकडाचा तुकडा नाहीतर जुनी वहाण अडकवायचे, आणि दिवसभर तो दुसरा कोणी बोलताना पकडायचा आणि त्याच्या गळ्यात ढकलायचा. अशा पद्धतीने फ्रेंच झालेली ही पोरं.

नेव्हीत जायचे रस्ते दोन-तीन होते. पंधरा-सोळाव्या वर्षी ब्रेस्तच्या बालखलाशांच्या शाळेत भरती व्हायचं, तिथे जेवण, कपडे, शिक्षण सगळं सरकारी, गरीब घराला एक तोंड कमी. किंवा थोडं मोठं झाल्यावर काही वर्षांचा करार करून स्वतःहून जायचं. आणि तिसरा रस्ता फारच जुना, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने सतराव्या शतकात सुरू केलेला: किनाऱ्यावरच्या मच्छीमार आणि व्यापारी जहाजांवरच्या माणसांची सरकारी रजिस्टरमध्ये नोंद, आणि गरज पडली की त्यांनी लष्करी सेवा नेव्हीतच करायची, बदल्यात पेन्शन वगैरे. ही पद्धत 1960 च्या दशकापर्यंत चालली, म्हणजे आपल्या पोराच्या आजोबाने, पणजोबाने पण तीच नोंद करून घेतली असणार.

ड्रेस तर सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. निळी कॉलर, पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा बनियन, आणि डोक्यावर गोल टोपी, वर लाल गोंडा. तो पट्ट्यांचा बनियन 1858 च्या सरकारी हुकुमाने ठरलेला, पांढऱ्या पट्ट्या 21 आणि निळ्या 20 किंवा 21, निळ्या पट्टीची रुंदी पांढरीच्या निम्मी, एवढं सगळं कागदावर लिहिलेलं. गोंड्याला डाव्या हाताच्या तर्जनीने हात लावला की नशीब उघडतं अशी समजूत, त्यामुळे बंदरातल्या पोरी हात लावायला यायच्या आणि खलाशी बदल्यात पापी मागायचे. बोटीवर मात्र एवढं रोमँटिक काही नाही. झोपायला झूला, सकाळी गुंडाळून ठेवायचा. 'ब्रतान्य' 1913 मध्ये पाण्यात उतरलेली, म्हणजे बऱ्याच खलाशांपेक्षा वयाने मोठी. तिच्यावर हजाराहून जास्त माणसं.

आता 1940 चा जून. जर्मनांनी सहा आठवड्यांत फ्रान्स पाडलं. 22 जूनला युद्धबंदीवर सह्या झाल्या. सगळ्यात मोठा प्रश्न होता नेव्हीचा, कारण जमिनीवरचं सैन्य हरलं होतं पण नेव्ही हरलेली नव्हती, जगातली चौथ्या नंबरची ताकद जशीच्या तशी शिल्लक होती. युद्धबंदीच्या आठव्या कलमात लिहिलं होतं की फ्रेंच जहाजं ठरलेल्या बंदरांत गोळा करायची, जर्मन-इटालियन देखरेखीखाली नि:शस्त्र करायची, आणि जर्मनी ती स्वतःसाठी वापरणार नाही. जर्मनी वापरणार नाही, हे हिटलरचं वचन. 1940 पर्यंत हिटलरच्या वचनाची किंमत काय होती ते शाळकरी पोराला पण माहीत होतं.

इथून पुढे तीन बाजू नीट समजून घ्या, नाहीतर डोक्याचा भुगा होतो.

ब्रिटिशांचं म्हणणं: आम्ही आता एकटे पडलोय, जर्मन कधीही आमच्या किनाऱ्यावर उतरू शकतात, आणि जर ही फ्रेंच जहाजं जर्मनी-इटलीच्या हाती लागली तर समुद्रावरची आमची एकमेव आघाडी पण गेली. शिवाय मार्च 1940 मध्ये दोन्ही देशांनी लिहून दिलं होतं की एकट्याने तह करायचा नाही, आणि फ्रान्सने केला. मग विश्वास कशावर ठेवायचा?

फ्रेंच नेव्हीचा प्रमुख ॲडमिरल दार्लां याचं म्हणणं: मी शब्द दिलाय की जहाजं जर्मनांना देणार नाही, अजून काय पाहिजे. आणि त्याने नुसता शब्द दिला नव्हता, 24 जूनला सगळ्या जहाजांना गुप्त ऑर्डर काढली होती की फ्रेंच झेंडा उतरवायचा नाही, आणि कोणी परक्याने ताबा घ्यायचा प्रयत्न केला तर अमेरिकेला निघून जायचं नाहीतर स्वतःच जहाज बुडवायचं. फक्त हे ब्रिटिशांना नीट पोचलंच नाही, आणि पोचलं असतं तरी त्यांनी मानलं असतं का, शंकाच आहे.

आणि तिसरी बाजू डेकवरच्या पोरांची. त्यांच्यासाठी युद्ध संपलं होतं. राखीव सैनिकांना घरी कधी सोडणार याच्याच गप्पा. घर म्हणजे ब्रेस्त, आणि ब्रेस्तमध्ये 19 जूनला जर्मन शिरले होते, म्हणजे घरी काय अवस्था आहे तेही धड कळत नव्हतं.

3 जुलैच्या सकाळी बंदराबाहेर ब्रिटिश जहाजं दिसली. 'हूड', 'व्हॅलियंट', 'रेझोल्यूशन', मागे विमानवाहू 'आर्क रॉयल'. बरीच पोरं ओळखीचं जहाज बघून खूश झाली, त्यांना वाटलं हे आपल्याला लढायला न्यायला आलेत. त्यात नवल काही नव्हतं. नोव्हेंबर 1939 मध्ये जर्मन जहाजांच्या मागावर 'हूड' आणि 'दंकेर्क' अटलांटिकमध्ये बरोबरच फिरल्या होत्या, आणि तेव्हा त्या जोडीचा सीनियर अधिकारी होता फ्रेंच ॲडमिरल जांसूल, तोच जांसूल जो आता मेर्स-एल-केबीरमध्ये 'दंकेर्क'वर बसला होता. म्हणजे सात-आठ महिन्यांपूर्वी जे जहाज त्याच्या हुकमात होतं त्याच्याच तोफा आता त्याच्यावर रोखलेल्या.

ब्रिटिश ॲडमिरल सॉमरविलने निरोप घेऊन पाठवला कॅप्टन हॉलंडला. माणूस चांगला निवडला होता, उत्तम फ्रेंच बोलणारा, पॅरिसच्या वकिलातीत काम केलेला, फ्रेंचांबद्दल आपुलकी असलेला. निरोपात पर्याय असे की आमच्याबरोबर येऊन लढा, किंवा थोडी माणसं घेऊन ब्रिटिश बंदरात या आणि माणसांना आम्ही घरी पाठवू, किंवा वेस्ट इंडीजमधल्या मार्तिनिकसारख्या फ्रेंच बेटावर जहाजं नेऊन ठेवा, हवं तर अमेरिकेच्या हवाली करा. यातलं काहीच नको असेल तर सहा तासांत स्वतः बुडवा, नाहीतर आम्ही बळ वापरू.

जांसूलने हॉलंडला भेटायलाच नकार दिला. का, तर तो नुसता कॅप्टन आणि हा ॲडमिरल. त्याने बोलायला आपला एक लेफ्टनंट पाठवला, द्युफे नावाचा, आणि बंदराच्या तोंडाशी छोट्या लाँचमधून निरोपांची ने-आण सुरू झाली. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. अपमान वाटला असेल, तोफा रोखून बोलायला आलेल्या माणसाशी काय बोलायचं असंही वाटलं असेल, मान्य. पण खाली हजारो पोरं आहेत आणि तुम्ही हुद्दा मोजताय! शेवटी भेटला, पण दुपारी चारच्या पुढे, उन्हाळ्याची अख्खी दुपार वाया गेल्यावर. तेव्हा त्याने दार्लांची 24 जूनची ती ऑर्डर हॉलंडला दाखवली. हॉलंडला वाटलं अरे, यातून काहीतरी निघेल. पण तोपर्यंत घड्याळ संपलं होतं.

कसं संपलं तेही बघा. सकाळी जांसूलने वरिष्ठांना जो संदेश पाठवला त्यात त्याने फक्त एवढंच कळवलं की ब्रिटिश म्हणतायत सहा तासांत जहाजं बुडवा नाहीतर बळ वापरू, आणि मी बळाला बळाने उत्तर देणार. वेस्ट इंडीजचा पर्याय लिहिलाच नाही. दार्लां जागेवर नव्हता, सरकार पळापळीत, म्हणून त्याच्या खालच्या अधिकाऱ्याने त्या अर्धवट संदेशावर ऑर्डर काढली की आसपासच्या बंदरांतल्या फ्रेंच जहाजांनी जांसूलच्या मदतीला निघावं. हा रेडिओ संदेश लंडनने पकडला. लंडनहून सॉमरविलला निरोप आला, लवकर उरक, नाहीतर अजून जहाजं येतील. सॉमरविलला स्वतःला हे काम अजिबात पटलेलं नव्हतं, तो मुदत वाढवत वाढवत संध्याकाळपर्यंत आला होता. हॉलंड जेमतेम 'दंकेर्क'वरून उतरून बाहेर पडला आणि सहाच्या जरा आधी पहिली फैर सुटली.

फ्रेंच जहाजं लढायच्या स्थितीत उभी नव्हतीच. ती धक्क्याच्या भिंतीला पाठ लावून, तोंड जमिनीकडे करून बांधलेली, जशी गल्लीत गाडी लावताना आपण तोंड आत आणि मागची बाजू रस्त्याकडे ठेवतो तशी. साधारण बंदरात काही बिघडत नाही. पण 'दंकेर्क' आणि 'स्त्रासबूर' या दोन नव्या जहाजांच्या सगळ्या मोठ्या तोफा डिझाइननेच पुढच्या बाजूला, म्हणजे आता त्या डोंगराकडे बघत होत्या आणि ब्रिटिश मागून, समुद्राकडून मारत होते. बंदराच्या तोंडाशी ब्रिटिश विमानांनी चुंबकीय सुरुंग टाकून ठेवलेले. आणि येणारा गोळा 15 इंची, वजन साधारण 870 किलो.

'ब्रतान्य'ला पहिल्या काही मिनिटांतच वर्मी लागलं. दारूगोळ्याचं कोठार फुटलं, जहाज पेटलं, कलंडलं आणि उलटं झालं, सगळं मिळून काही मिनिटांचं काम. एवढी माणसं का मेली याचं उत्तर जहाजाच्या रचनेतच आहे. लढाईची घंटा झाली की प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि मोठ्या जहाजावर निम्म्याहून जास्त लोकांची जागा खाली असते, बॉयलरपाशी, इंजिनपाशी, गोळे वर चढवणाऱ्या लिफ्टपाशी, तारायंत्राच्या खोलीत. मधली जलरोधक लोखंडी दारं बंद करतात, कारण एका खोलीत पाणी शिरलं तर दुसरी वाचावी. पण जहाज कोठारच फुटून उलटतं तेव्हा तीच दारं उघडत नाहीत, शिड्या आडव्या होतात, दिवे जातात. वरची पोरं समुद्रात उड्या मारू शकली, तिथे पाण्यावर तेलाचा जाड थर, त्यात श्वास घेतला की तेलच छातीत. 'ब्रतान्य'वरचेच साधारण हजार जण गेले. 'मोगादोर' नावाच्या विनाशिकेच्या मागच्या भागावर गोळा बसला, तिथले पाणबुडीविरोधी बाँब फुटले आणि शेपटाकडचा भागच उडाला. 'दंकेर्क'ला पण जबर मार बसला आणि ती किनाऱ्याला टेकवावी लागली.

तोफा दहाएक मिनिटांत थांबल्या. धुराच्या आडून 'स्त्रासबूर' मात्र सुरुंग चुकवत निसटलं आणि दुसऱ्या दिवशी दक्षिण फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पोचलं.

6 जुलैला ब्रिटिश विमानं परत आली, 'दंकेर्क' अजून दुरुस्त होऊ शकते म्हणून. टॉर्पेडो बसला तो तिच्या शेजारी लावलेल्या 'तेर-नव' नावाच्या छोट्या बोटीला, बोटीवर पाणबुडीविरोधी बाँब भरलेले, ते फुटले. पहिल्या दिवशी वाचलेली काही पोरं या दुसऱ्या स्फोटात गेली. मधल्या दिवशी, 5 तारखेला, अंत्यविधीत जांसूल शवपेट्यांसमोर म्हणाला होता की आज कुठल्या झेंड्यावर डाग असेल तर तो तुमच्या झेंड्यावर नक्कीच नाही.

घरी कसं कळलं? हा भाग इतिहासाच्या पुस्तकात फारसा नसतो. फ्रान्सचे दोन तुकडे झाले होते, जर्मनांच्या ताब्यातला आणि युद्धबंदी करणाऱ्या मार्शल पेतांच्या सरकारचा, मध्ये पहारा असलेली रेषा, आणि त्या रेषेवरून साधी चिठ्ठी जायला पण बंदी. ब्रेस्त एका बाजूला, तुलाँ दुसऱ्या बाजूला. सप्टेंबर 1940 च्या शेवटी जर्मनांनी एक छापील कार्ड चालू केलं, त्यावर शब्द आधीच छापलेले: तब्येत ठीक, थकलाय, आजारी, जखमी, मारला गेला, कैदेत, काही खबर नाही, वगैरे, आणि मध्ये नावासाठी रिकामी जागा. नको ते शब्द खोडायचे, नाव भरायचं. यापलीकडे काही लिहिलं तर कार्ड पुढे जायचं नाही. तेवढ्यावर आईबाप पोराची अवस्था समजून घ्यायचे. आणि ज्यांचं प्रेतच मिळालं नाही, म्हणजे 'ब्रतान्य'मध्ये अडकलेले, त्यांच्या घरच्यांना अजून एक व्याप, प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला कोर्टाच्या निकालाने मिळवायचा, तोपर्यंत बायकोची ना पेन्शन सुटत ना दुसरं काही.

मेलेल्या पोरांचा वापर मात्र लगेच सुरू झाला. पेतांच्या सरकारने पोस्टर काढलं, बुडणारा खलाशी हातात तिरंगी झेंडा उंच धरून, खाली मजकूर, ओरान विसरू नका. जर्मनांना तर काही करायचीच गरज उरली नाही, ब्रिटिशांनीच त्यांचं काम केलं. लंडनमध्ये बसलेल्या द गॉलची पंचाईत झाली, कारण तो फ्रेंच पोरांना म्हणत होता माझ्याबरोबर या आणि ब्रिटिशांच्या साथीने लढा. 3 जुलैलाच इंग्लंडच्या बंदरांतली फ्रेंच जहाजं पण पहाटे हत्यारबंद शिपाई चढवून ताब्यात घेतली होती, प्लिमथला 'स्युरकूफ' पाणबुडीवर झटापटीत तीन ब्रिटिश आणि एक फ्रेंच मेला. तिथल्या बहुतेक खलाशांनी घरीच जायचं ठरवलं. त्यातल्या तेराशेच्या आसपास जणांना घेऊन 'मेकनेस' नावाचं फ्रेंच जहाज 24 जुलैला साउदॅम्प्टनहून निघालं, तर ते रात्री जर्मन टॉर्पेडो बोटीने बुडवलं, चारशेच्या आसपास मेले. एकाच महिन्यात एकाच नेव्हीच्या पोरांना दोन्ही बाजूंनी मारलं.

युद्ध संपल्यावर या पोरांचं काय करायचं हे फ्रान्सला पण कळेना. जिंकलेल्या फ्रान्सची गोष्ट द गॉलची, त्यात हीरो म्हणजे प्रतिकार करणारे. हे प्रतिकार करताना मेले नाहीत, जर्मनांचे साथीदारही नव्हते, आणि मारणारा आता परत दोस्त झालेला. सरकारी कागदावर मात्र त्यांना 'फ्रान्ससाठी मेलेला' हा शेरा मिळाला. हा शेरा म्हणजे 1915 च्या कायद्याने सुरू झालेली नोंद, मृत्यूच्या दाखल्यावर लिहितात, त्याचे घरच्यांना हक्क मिळतात आणि नाव गावच्या स्मारकावर कोरलं जातं. ब्रेस्तच्या पश्चिमेला प्वांत सें-मात्यो नावाच्या कड्यावर खलाशांचं राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे जमिनीखालच्या खोल्यांत घरच्यांनी दिलेले खलाशांचे फोटो लावतात, गोंड्याच्या टोपीतली पोरं, नाव आणि तारखेसकट. मेर्स-एल-केबीरच्या दफनभूमीतल्या कबरींची मात्र 2005 मध्ये तोडफोड झाली, तेव्हा फ्रान्समध्ये परत एकदा बोंब झाली.

मग हल्ला गरजेचा होता का? याच्यावर अजून भांडणं होतात. ब्रिटिशांच्या बाजूने म्हणणारे सांगतात की या एका संध्याकाळीने अमेरिकेला पटलं की ब्रिटन शेवटपर्यंत लढणार, तह करणार नाही. 4 जुलैला चर्चिलने पार्लमेंटमध्ये सांगितलं तेव्हा खासदारांनी उभं राहून जयजयकार केला. विरोधातले सांगतात तुलाँचं. नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मन खरोखरच तुलाँमध्ये जहाजं पकडायला घुसले, आणि फ्रेंचांनी 27 तारखेच्या पहाटे सत्तरहून जास्त जहाजं स्वतःच्या हाताने बुडवली, त्यात ते निसटलेलं 'स्त्रासबूर' आणि मागाहून तिथे आणलेलं 'दंकेर्क' पण. म्हणजे दार्लांचा शब्द खरा ठरला. पण हे 1942 मध्ये कळलं, 1940 मध्ये चर्चिलच्या हातात काय होतं हेही बघायला पाहिजे, त्यामुळे त्याला राक्षस ठरवणं मला तरी जमत नाही. सॉमरविल मात्र स्वतः बायकोला पत्रात लिहून गेला की ही आपल्या काळातली सगळ्यात मोठी राजकीय घोडचूक आहे. हाच सॉमरविल 1942 मध्ये आपल्या बाजूला, हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ईस्टर्न फ्लीटचा प्रमुख म्हणून आला.

मला वाटतं खरी तुलना करायची तर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदराशी करा. तिथेही त्याच दिवशी, त्याच ऑर्डरवर, ब्रिटिश ॲडमिरल कनिंगहॅमसमोर फ्रेंच ॲडमिरल गोदफ्रुआची जहाजं उभी होती. त्या दोघांची ओळख चांगली होती आणि ते स्वतः समोरासमोर बसले, हुद्द्याचा प्रश्न आलाच नाही. मेर्स-एल-केबीरची बातमी आल्यावर गोदफ्रुआ भडकला, बोलणं मोडायला आलं, लंडनही घाई करत होतं, पण कनिंगहॅमने लंडनचं पूर्ण ऐकलं नाही. त्याने फ्रेंच खलाशांना ब्रिटिश जहाजांवरून फलक दाखवून सांगितलं की आम्हाला तुमच्याशी लढायचं नाही, मग त्यांचे कप्तानच गोदफ्रुआकडे गेले. तेल उतरवलं, तोफांचे महत्त्वाचे भाग काढून ठेवले, एकही गोळी सुटली नाही. जहाजं तिथेच नांगरून राहिली, पगार ब्रिटिश देत राहिले, पोरं कंटाळली, आपसात भांडली, आणि 1943 मध्ये तीच जहाजं दोस्तांच्या बाजूने लढायला बाहेर पडली.